कोळंब्यांसाठी दिवा

दहा वाजता टायमरचा खटका पडला, टाकीवरचा दिवा लागला आणि कोळंब्या मेलेल्या दिसल्या. पहिल्यांदा वाटलं, कवचं असतील. कोळंबी वाढताना अंगावरचं कवच टाकते, ते मिश्या आणि पायांसकट अख्खं पाण्यात पडून राहतं आणि नवख्या माणसाच्या काळजात धस्स होतं. पण कवच आरपार दिसतं, आणि या उकडल्यासारख्या गुलाबी होत्या. शेवाळावर, खोडाच्या मागे, समोरच्या बारीक गवताच्या गालिच्यावर. अकरा मोजल्या. बारावी आडवी पडून पाय झाडत होती, आणि दोन धडधाकट कोळंब्या तिच्या डोक्याशी बसून तिला खात होत्या. ती मरेपर्यंतही थांबल्या नव्हत्या. त्यांचे पुढचे बारीक हात तोंडाकडे जात होते, परत येत होते, मन लावून, कसलाही राग नसताना. तेच मला सहन झालं नाही. रागाच्या भरात कुणी कुणाचा जीव घेतला तर मला ते समजतं, अगदी आतून समजतं. हे समजत नाही. माझ्या हातात रोपं लावायचा लांब चिमटा होता. तो वाकून काटकोनात आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी दातओठ खातोय.

झाकणावर चहाच्या कपाचा ओला गोल उमटला होता आणि त्याच्या कडेला बिस्किटाचा चुरा. आतल्या खोलीत अप्पा खोकले. अप्पा म्हणजे माझे वडील, वय एक्याऐंशी, वजन जेमतेम पंचेचाळीस, चार महिन्यांपासून मुक्काम माझ्याकडे. झाकणावर कप ठेवू नका हे मी त्यांना पहिल्यांदा हात जोडून सांगितलं होतं, दुसऱ्यांदा हसत, तिसऱ्यांदा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून. तो कागद त्यांनी कपाखाली घेतला. टाकीसमोर उभं राहून चहा प्यायचा त्यांना नाद लागला होता, आणि एकदा मी स्वतः पाहिलं होतं, बिस्किट बोटांत चुरून ते वरून पाण्यात सोडत होते. 'उपाशी दिसतायत,' म्हणाले. आल्या दिवशी म्हणाले होते, 'हे किडे पाळायला एवढा खटाटोप? सगळ्या तळल्या तरी एका घासाला पुरायच्या नाहीत.' मला तेव्हा हसू आलं होतं, खरंच आलं होतं. ताईला मी ते फोनवर सांगितलंही होतं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. अप्पांना तिनं सहा वर्षं सांभाळलं, आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मीच म्हणालो, माझ्याकडे पाठव.  ती म्हणाली, 'तू करशील रे सगळं. जेवण करशील, अंघोळ घालशील. पण तुझा हात?' मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. 'एकदा जरी उचललास ना, त्याच दिवशी मला फोन करायचा. काठी टेकत येईन पण त्यांना घेऊन जाईन. लपवायचं नाही. लहानपणी आपण पुष्कळ लपवलंय.' मी शब्द दिला आणि चार महिने पाळला. पाळणं सोपं नव्हतं. ते रात्रीच्या गोळ्या गालात धरून ठेवत आणि सकाळी उशीखाली मला त्या मऊ झालेल्या सापडत. आंघोळीच्या वेळी माझ्या अंगावर थुंकत. मी टॉवेलनं तोंड पुसायचो, बाहेर यायचो, टाकीसमोर बसायचो. ताईला वाटायचं मी कर्तव्य करतोय. कर्तव्य कसलं! मला त्या म्हाताऱ्याला दाखवायचं होतं की तुझ्या पोटचा असूनही मी तुझ्यासारखा नाही. रोज तीन वेळा, गरम जेवणासकट दाखवायचं होतं. आणि मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका जळलेल्या मोटरबद्दल. मरायच्या आत त्यानं ते म्हणावं एवढ्यासाठी मी त्याला अंघोळ घालत होतो.

मी मोटरी भरतो. पंपाच्या, पंख्याच्या, चक्कीच्या, लिफ्टच्या. जळून आलेली मोटर उघडायची, आतलं काळं पडलेलं वायंडिंग छिन्नीनं तोडून उपसून काढायचं आणि नवीन तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं भरायची. अप्पा हेच करायचे. त्यांनीच शिकवलं, म्हणजे मी बाकावर बसून वेढे मोजायचो आणि ते मागे उभे राहायचे. एका कॉइलला ब्याऐंशी वेढे तर ब्याऐंशीच, एक्याऐंशी नाही आणि त्र्याऐंशी नाही. मी साठाच्या पुढे गेलो की ते मुद्दाम काहीतरी विचारायचे, शाळेत काय झालं, आई काय करतेय. उत्तर दिलं की आकडा जायचा, आकडा गेला की कानाखाली बसायची, आणि उत्तर नाही दिलं तर उद्धटपणाबद्दल बसायची. त्या माराला मी अन्याय म्हणायचो नाही. तो पगारासारखा नेमाने यायचा. अंगात काय साठत गेलं ते मला मोठेपणी कळलं. एकदा, मी नोकरी करतो त्या वर्कशॉपमध्ये, आमच्यातल्या एकानं, ठेंगू म्हणायचो आम्ही त्याला, गंमत म्हणून मोजताना माझ्या कानाशी उलटे आकडे म्हटले, आणि मी त्याचं डोकं धरून बाकावर आपटलं. त्याचे दोन दात तारेच्या रिळाशेजारी पडले. लोकांनी मला मागे ओढलं तेव्हा मी ओरडत नव्हतो, रडतही नव्हतो. मी पुढचा आकडा म्हणत होतो.

पुढे एक बाई होती, पंपाच्या कंपनीत क्लार्क. मोटरींच्या पावत्या घेऊन यायची आणि उगाचच थांबायची. दोन वर्षं आमचं लग्नाचं बोलणं चाललं होतं, घरसुद्धा पाहून झालं होतं. एक दिवस ती मागून आली आणि तिनं माझी बाही ओढली. मी वळलो तो लाकडी हातोडा वर उचलूनच. ती हसली, 'अरे बापरे, मारतोस की काय!' हातोडा तिच्या भांगापासून वीतभर अंतरावर थांबला होता आणि तो मी थांबवलाय की आपोआप थांबलाय हे मला सांगता येईना. त्यानंतर मी तिला भेटलो नाही. कारणही सांगितलं नाही, काय सांगणार? मी लग्न केलं नाही, मूल होऊ दिलं नाही, मांजर पाळलं नाही, कुत्रं पाळलं नाही. ज्याला मान आहे, पाठ आहे, ओरडायला गळा आहे असं काहीही मी घरात आणलं नाही. मग एका दुपारी मासेवाल्याच्या दुकानात पंप दुरुस्त करायला गेलो आणि कोपऱ्यातल्या छोट्या टाकीत या दिसल्या. नखाएवढ्या, लालभडक, काचेवरून चालणाऱ्या. यांना मारायचं म्हटलं तरी हात कुठे लावणार? मी वीस घेऊन आलो. दोन वर्षांत त्या शंभराच्या वर झाल्या आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हाताखाली काहीतरी वाढत होतं.

मासेवाल्यानं तेव्हाच बजावलं होतं, 'साहेब, एक लक्षात ठेवा, तांबं. माशांच्या औषधात असतं, काही खतांत असतं. माशाला चालतं, हिला चालत नाही. थेंबभर गेलं तरी खेळ खलास.' मी हसून म्हणालो होतो, माझं पोटच तांब्यावर आहे. पण ऐकलं सगळं. खताच्या बाटलीवरचा बारीक मजकूर भिंगानं वाचला आणि बाटली फेकली. वर्कशॉपमधून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाण्यात बोट घातलं नाही. एवढा जपत होतो. फक्त दिवा मनासारखा नव्हता. झाकणासोबत आलेली बारकी ट्यूब नुसतीच मिणमिणायची, आणि त्या उजेडात समोरचं गवत पसरायचं सोडून वरवर पळायचं, फिकट आणि लांबुडकं, आजारातून उठलेल्या पोरासारखं. मी ती ट्यूब काढून टाकली. झाकण आतून कापलं, एलईडीच्या पट्ट्या आणल्या, आणि त्या तापतात म्हणून त्यांच्या मागे धातूची पट्टी हवी होती. ॲल्युमिनियमची कुठल्याही दुकानात मिळते. पण माझ्यासारख्या माणसाला ॲल्युमिनियम म्हणजे गरिबाचं तांबं. भंगारात निघालेल्या एका मोठ्या इलेक्ट्रिक पॅनेलची पट्टी मी मालकाला विचारून घरी आणली, पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी केली, टोकं गोल केली, पट्ट्या चिकटवल्या, वायरींचे जोड दोनदा झाकले. उजेड एकदम वाढवला तर काचेवर शेवाळ माजतं, म्हणून पहिला आठवडा चार तास, मग सहा, मग आठ. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये एक काच होती. ती वाफेनं धुरकटायची आणि निम्मा उजेड खायची. तीन आठवड्यांपूर्वी मी ती काच काढून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी गवताच्या पानापानावर बुडबुडे आले, चांदीचे, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि एकेक सुटून वर जायला लागले. मी अप्पांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं आणि दाखवलं. त्यांनी पाहिलं. म्हणाले, 'जोड चांगले केलेस.' पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मी त्यांच्याकडून ऐकलेली ही पहिली शाबासकी, आणि मला लाज वाटेल इतका आनंद झाला.

त्याच आठवड्यात एक कोळंबी मेली. वय झालं असेल म्हटलं. मग दोन मेल्या. मग काही वेड्यासारख्या गोल गोल पोहायला लागल्या, काचेवर आपटून पडायला लागल्या. मी पाणी बदललं. नळाच्या पाण्यावर संशय घेतला, झुरळांच्या औषधावर घेतला, भांड्यांच्या साबणावर घेतला. घरातली प्रत्येक बाटली उघडून हुंगली. आणि या सगळ्या दिवसांत चहाचा कप झाकणावर येतच होता.

म्हणून मी आत गेलो. अप्पा पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावत होते. त्यांच्या बोटांना कंप आहे, एक बटण लावायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागतात आणि मदत केलेली खपत नाही. मी दारात उभा राहिलो. मला आठवतं, मी शांत होतो. माझ्या आवाजात काहीच नव्हतं.

'अप्पा, टाकीत काय टाकलंत?'

'कशात?'

'टाकीत. कोळंब्या मेल्यात. अकरा.'

'मेल्या?' त्यांनी वर पाहिलं. 'थंडी बाधली असेल.' आणि ते हसले.

ते हसणं वाईट नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा साधा विनोद होता, एरवी मी तो ताईला फोनवर सांगितला असता. पण माझा हात निघाला होता. मी तो निघताना पाहिला. त्यांच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला खूप वेळ लागला, तेवढ्या वेळात मी त्याला सहज परत बोलावू शकलो असतो, आणि मी बोलावलं नाही. आवाज अगदी कोरडा आला. चष्मा पलंगाखाली गेला. मला वाटलं होतं हाताला काहीतरी लागेल, एवढी वर्षं ज्या माणसाला मनातल्या मनात मारलं तो माणूस लागेल. लागली फक्त सैल कातडी आणि तिच्याखालची कवळी. कवळी सरकून अर्धी बाहेर आली. 'नाही रे,' ते म्हणाले, शब्द नीट उमटला नाही. 'चहा ओतलात? गोळ्या थुंकलात? काय टाकलंत?' दुसरी. 'मी कशाला...' तिसरी. तिसरीला त्यांचं डोकं भिंतीला लागलं आणि मला त्यांच्या टाळूवरची विरळ पांढरी लव दिसली, तान्ह्या बाळाची असते तशी. ती दिसली याचाही मला राग आला. त्यांनी दोन्ही हात वर केले. मार अडवण्यासाठी नाही, तर थांब म्हणण्यासाठी, दुकानात गिऱ्हाइकाला थांबवतात तसे.

'हो,' ते म्हणाले. 'टाकलं. मीच टाकलं.'

'काय टाकलंत?'

'तू म्हणशील ते.'

आणि त्यांनी कबूल केल्यानंतर मी त्यांना आणखी एक मारली. ती सगळ्यांत जोरात. खोटं कशाला बोलू, त्या चार थपडांतली तीच मला गोड लागली. आधीच्या तीन रागाच्या होत्या. ही हक्काची होती. ओठ फुटला आणि शर्टाच्या नुकत्याच लागलेल्या बटणावर रक्ताचा थेंब पडला. मी बाहेर आलो.

बाहेर येऊन मी बादली घेतली, नळी घेतली, पाणी बदलायला लागलो. छाती हलकी झाली होती, फोड फुटल्यावर वाटतं तसं. तू म्हणशील ते. मला हे वाक्य ओळखीचं होतं. मी बारा-तेरा वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाची पंपाची मोटर आम्ही भरून दिली आणि ती दुसऱ्याच दिवशी जळून परत आली. गिऱ्हाईक दारात उभं, मोटर जमिनीवर, जळक्या व्हार्निशचा वास. अप्पांनी मला विचारलं, 'वेढे चुकवलेस?' मी म्हणालो नाही. मोटरीच्या जुन्या पट्ट्यानं त्यांनी मला गिऱ्हाइकासमोर मारलं, पायांवर, पाठीवर, आणि पट्टा वळून आला तो मानेवर. गिऱ्हाईक सुद्धा म्हणालं, जाऊ द्या हो. 'चुकवलेस?' 'हो.' 'किती?' मी म्हणालो, 'तुम्ही म्हणाल तेवढे.' तेव्हा ते थांबले. संध्याकाळी ती मोटर उघडून उपसायचं काम माझ्याकडेच आलं, आणि मी पाहिलं, माझ्या सगळ्या कॉइल जागच्या जागी होत्या, पिवळ्याधमक. जळलं होतं ते एकाच ठिकाणी, जोडावर. जोडावर इन्शुलेशनची नळी चढवलेली नव्हती, उघडा जोड बॉडीला टेकला होता. आणि जोड अप्पा करायचे. जोडांना ते मला हातसुद्धा लावू देत नसत. मी मान वर केली तर ते मागेच उभे होते आणि ते मी पाहिलेलंच पाहत होते.  त्यांनी हात पुढे केला, तो जळका जोड छिन्नीनं तोडून घेतला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. तू चुकला नव्हतास, एवढंच वाक्य होतं. त्यासाठी मी चार महिने त्यांच्या उशीखालच्या गोळ्या वेचत होतो.

नळीनं निम्मं पाणी काढलं आणि मेलेल्या कोळंब्या वेचायला हात आत घातला. दिवा चालूच होता. मनगटावर वरून काहीतरी पडलं. गार, एकच थेंब. मी पाहिलं. थोड्या वेळानं दुसरा पडला. मी मान वाकवून झाकणाच्या आत खालून पाहिलं, दिवा लावल्यापासून पहिल्यांदाच. मी आरशासारखी घासलेली पट्टी आता तपकिरी होती, आणि दोन्ही गोल टोकांना, जिथे वाफ थंड होऊन साचत होती, तिथे हिरवी झाली होती. मोरपंखी हिरवी. त्या हिरव्यात थेंब भरत होता, जड होत होता, सुटत होता. गवताच्या बरोबर वर. काच होती तोवर तो काचेवर पडत होता. काच मी काढली होती.

तांब्यावर हिरवं चढतं हे मला शिकवायची कुणाला गरज नाही. जन्म गेला त्यात. पण जन्मभर माझ्या लेखी तांबं म्हणजे वीज वाहून नेणारी गोष्ट, खाली टपकणारी नाही. पाण्यात काय जातं ते सगळं मी तपासलं होतं. त्यात मी दिवा धरलाच नव्हता, दिवा वर होता, दिवा म्हणजे उजेड, दिवा म्हणजे माझं कौतुकाचं काम.  मी जमिनीवर बसलो, बादलीशेजारी, आणि सगळ्यात आधी काय मनात आलं ते सांगायला हवं. मनात आलं, कुणाला कळणार नाही. पट्टी काढायची, वर्कशॉपच्या भंगारात फेकायची. अप्पांना हल्ली सकाळचं दुपारी आठवत नाही. ओठाचं काय, म्हाताऱ्या माणसाचा ओठ कशानंही फुटतो. आणि त्यांनी कबूल केलंच होतं की. पट्टीचे स्क्रू मी सोडवत होतो आणि माझी बोटं इतक्या सराईतपणे, इतक्या शांतपणे काम करत होती की मला छिन्नीनं तोडलेला तो जोड दिसला, डब्यात पडतानाचा त्याचा बारीक आवाज आला. मग मला ओकारी झाली. बादलीत, त्या काढलेल्या पाण्यातच.

पट्टी घेऊन मी आत गेलो. अप्पा तसेच बसले होते. एका हातात कवळी होती, दुसऱ्यानं ते उरलेलं बटण लावायचा प्रयत्न करत होते. मी जवळ गेलो तशी त्यांनी मान खांद्यात ओढून घेतली. मी खाली बसलो, पलंगाखालचा चष्मा काढला, त्यांच्या नाकावर चढवला आणि पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली.

'अप्पा, तुम्ही काही केलं नव्हतं. ही होती. दिव्याच्या मागे. हिचं पाणी आत पडत होतं.'

त्यांनी पट्टी उचलली. वजन केल्यासारखी तळहातावर धरली, अंगठ्यानं हिरवं घासलं, अंगठा जवळ नेऊन पाहिला. कंप थांबला होता. क्षणभर ते जुने अप्पा झाले, बाकामागे उभे असलेले. 'तांबं?' ते म्हणाले. 'पाण्यावर? गाढवा, एवढी अक्कल...' आणि बोलता बोलता त्यांना आठवलं असावं की आता मारणारा कोण आहे. ते थांबले. पट्टी त्यांनी हळूच माझ्या बाजूला ठेवली. मग कवळी नसलेल्या तोंडानं, तक्रार म्हणून नाही, खरोखरच कळत नाही म्हणून विचारलं, 'मग मला कशाला मारलंस?'

याचं उत्तर माझ्याकडे होतं. चाळीस वर्षांपासून तयार होतं, रोज घासून ठेवलेलं. मी म्हणालो, 'अप्पा, ती पंपाची मोटर. मला पट्ट्यानं मारलंत ती. जोड उघडा राहिला होता. जोड तुमचा होता. तुम्हाला माहीत होतं ना?'

'हो,' अप्पा म्हणाले.

लगेच म्हणाले. विचारही केला नाही. आणि म्हणताना त्यांचं कोपर वर आलं, गालाच्या आड, आणि त्या आडून एक डोळा माझ्या हाताकडे पाहत होता. 'हो, हो. माझाच होता. माझीच चूक.' मी म्हणालो, 'अप्पा, नीट आठवून सांगा. मी मारणार नाही.' ते म्हणाले, 'हो, आठवतं ना. सगळं आठवतं.' मी मोटरीचा रंग विचारला असता तर तोही त्यांनी मला हवा तो सांगितला असता. ज्या वाक्यासाठी मी आयुष्यभर थांबलो होतो ते माझ्यासमोर पडलं होतं आणि ते खरं आहे की नाही हे आता मला कधीच कळणार नव्हतं. ते जाणणारा एकच माणूस जगात होता आणि त्याला मी अर्ध्या तासापूर्वी हो म्हणायला शिकवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. ओरडलो असतो तर त्यांनी आणखी एकदा हो म्हटलं असतं. मी ओल्या रुमालानं त्यांचा ओठ पुसला. त्यांनी पुसू दिला. एरवी देत नाहीत.

मी ताईला फोन लावला, त्यांच्यासमोरच.

'ताई, अप्पांना घेऊन जा.'

'का रे? काय केलं त्यांनी?'

'त्यांनी नाही.'

 पलीकडे भांडी ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. मग ती म्हणाली, 'अप्पांना दे.'

मी फोन त्यांच्या कानाला लावून धरला, त्यांच्या हातात राहत नाही म्हणून. ताईचा आवाज मला ऐकू येत होता, ती लहान मुलाशी बोलावं तसं विचारत होती, अप्पा, कुठे लागलंय, दुखतंय का, त्यानं काय केलं सांगा मला. अप्पांनी फोनकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते, चष्म्याच्या एका बाजूनं, वर्गात फळ्याजवळ उभं केलेलं पोर मास्तरांकडे पाहतं तसे.

'नाही गं,' ते म्हणाले. 'कोण मारतंय? पडलो मी. बाथरूममध्ये पाय घसरला.' आणि बरोबर बोललो ना, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी फोन त्यांच्या कानावरून काढला. 'ते पडले नाहीत, ताई,' मी म्हणालो. 'तू ये. आजच ये.'